मांजरीला लस दिलेली आहे, तरी चावलेलं बोट का सुजलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातली मांजर, लस वेळच्या वेळी दिलेली, तोंडात गोळी घालताना उजव्या हाताच्या मधल्या बोटाला चावली. दोन बारीक ठिपके, रक्त जेमतेम थेंबभर. नळाखाली धुतलं, अँटिसेप्टिक क्रीम लावलं, पट्टी गुंडाळली. ही काल संध्याकाळची गोष्ट. आज सकाळी बोट लाल, गरम, सुजलेलं, ठणका लागलाय आणि मूठ नीट वळत नाही. घरचे म्हणतायत मांजरीला लस आहे, काही होत नाही, आधीच्या आजारपणातल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्यात त्या घे, दोन दिवस बघू. आणि शेवटी विचारलंय की मांजरीची काही टेस्ट करायची का, तिला घरात ठेवावं की नाही.

आधी उत्तर देतो, कारणं नंतर निवांत वाचा. आजच दाखवा. दोन दिवस थांबायचं नाही, उद्यावरही ढकलायचं नाही. त्या हातात अंगठी असेल तर ती आत्ता काढा, साबण लावून निघत असेल तोवर काढा, कारण सूज वाढली की ती कापावी लागते. पट्टी घट्ट असेल तर सोडा. हात खाली लोंबकळत ठेवू नका, उशीवर किंवा छातीशी उंच धरून ठेवा, ठणका निम्मा त्यानेच कमी होतो. आणि पेन घेऊन लाली जिथे संपते तिथे कातडीवर रेघ मारा, बाजूला वेळ लिहा. तीन-चार तासांनी लाली रेघेच्या पलीकडे गेली असेल तर ते तुम्हालाही दिसेल आणि तपासणाऱ्यालाही, "वाढलंय असं वाटतं" या वाक्यापेक्षा ती रेघ आम्हाला कितीतरी जास्त सांगते.

मी सर्जन आहे, हाताच्या जखमा आणि त्यांची इन्फेक्शन्स हे माझं रोजचं काम. तुमचा हात मी बघितलेला नाही, त्यामुळे ऑपरेशन लागेल की गोळ्यांवर भागेल हे इथून सांगता येणार नाही. ते सूज बोटाच्या कुठल्या भागात आहे, तुम्हाला डायबेटिस वगैरे आहे का, अशा बऱ्याच गोष्टींवर ठरतं. पण चाव्याला अजून एक दिवसही झाला नाही, हाताचं बोट आहे आणि मूठ वळत नाही, या तीन गोष्टी एकत्र असल्या की दाखवायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही.

आता खरा घोळ कुठे आहे ते बघू. चाव्यानंतर दोन वेगळे प्रश्न असतात आणि बहुतेक घरांत त्यांचा एकच प्रश्न होऊन बसतो. एक रेबीजचा, तो व्हायरस. दुसरा जखम पिकण्याचा, ते बॅक्टेरिया. मांजरीला दिलेली लस पहिल्या प्रश्नाशी संबंधित आहे, दुसऱ्याशी तिचा काडीचा संबंध नाही. तिच्या तोंडात जे जंतू आहेत ते ती आजारी आहे म्हणून नाहीत, अगदी ठणठणीत, अंघोळ घातलेल्या, सोफ्यावर झोपणाऱ्या मांजरीच्या तोंडात ते असतातच, तिथलेच रहिवासी आहेत ते. म्हणून "आमची मांजर स्वच्छ आहे, बाहेर जात नाही" हे मी रोज ऐकतो आणि रोज सांगतो की मान्य, पण या बाबतीत उपयोग शून्य. उलटंही होतं बरं का, रेबीजची इंजेक्शनं सुरू केली की लोकांना वाटतं आता सगळं कव्हर झालं, आणि पिकत चाललेल्या बोटाकडे चार दिवस कुणी बघत नाही.

मांजरीच्या चाव्यात मुख्य जंतू म्हणजे पाश्चुरेला मल्टोसिडा. १९९९ साली अमेरिकेत पिकलेल्या चाव्यांचा एक चांगला अभ्यास छापून आला होता, त्यात मांजरीच्या चाव्यांपैकी ७५ टक्के आणि कुत्र्याच्या चाव्यांपैकी ५० टक्के जखमांत पाश्चुरेला जातीचे जंतू सापडले. आणि ते एकटे नसतात, त्याच अभ्यासात एकेका जखमेतून साधारण पाच प्रकारचे जंतू निघाले होते, जखमा नेहमी पिकवणारे स्टॅफ आणि स्ट्रेप, शिवाय ऑक्सिजनशिवाय वाढणारे फ्युझोबॅक्टेरियम, प्रिव्होटेला वगैरे मंडळी. गंमत म्हणजे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरने कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर जे काम केलं तो जंतू हाच, आणि पुढे १८८५ मध्ये रेबीजची लस माणसाला पहिल्यांदा दिली तीही त्याच पाश्चरने, म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही टोकांना तोच माणूस उभा आहे.

पाश्चुरेलाची ओळख म्हणजे त्याची घाई. संध्याकाळी चावा आणि सकाळी बोट टम्म, हे त्याचंच काम. मांजरीच्या चाव्यात पहिली लक्षणं दिसायला साधारण १२ तास, कुत्र्याच्या चाव्यात साधारण २४. नुसत्या स्टॅफ-स्ट्रेपने पिकलेली जखम सहसा याहून सावकाश चालते, एखाद-दोन दिवस घेते. म्हणून चावल्यावर किती तासांनी सूज आली हा प्रश्न आम्ही पहिला विचारतो, जंतूचा अंदाज त्यावरूनच बांधायला सुरुवात होते.

मग एवढीशी जखम एवढी का बिघडते? कारण ती एवढीशी आहे म्हणूनच. मांजरीचा सुळा म्हणजे इंजेक्शनची सुईच समजा, कातडीवर ठिपका आणि आत खोलवर माल सोडलेला. वरचं तोंड काही तासांत मिटतं, आत जे गेलं ते आतच बंद होतं. बोटात मांस असं फारसं नसतंच, कातडी, तिच्याखाली थोडी चरबी, की लगेच टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), सांधा, हाड. म्हणजे सुळ्याला फार आत जावंही लागत नाही. त्यात आणखी एक गोष्ट आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. गोळी पाजताना तुमचं बोट वाकलेलं असणार, चावा त्या अवस्थेत बसला. नंतर तुम्ही हात सरळ करून नळाखाली धरला, तेव्हा टेंडन आणि कातडी एकमेकांवरून सरकली, कातडीचं भोक एकीकडे आणि आतलं भोक दुसरीकडे. पाणी वरच्या भोकात गेलं तरी आतल्या भोकापर्यंत पोचलंच नाही. धुण्यात तुमचं काही चुकलं असं नाही, जागाच तशी आहे.

बोट वाकवणाऱ्या टेंडनभोवती एक बारीक, ओलसर आवरण असतं, नळीसारखं बंद. त्यात जंतू शिरले की पसरायला अडथळा नाही, आणि आत पू झाला की दाब वाढून टेंडनचा रक्तपुरवठा बंद पडायला लागतो. टेंडन मेलं की बोट कायमचं ताठ राहतं, पुढे कितीही व्यायाम केले तरी पूर्वीचं बोट परत मिळत नाही. शिकागोचे सर्जन कॅनाव्हेल यांनी शंभरेक वर्षांपूर्वी याच्या चार खुणा सांगितल्या, आम्ही अजूनही त्याच बघतो. तुम्हीही घरी बघू शकता, दोन मिनिटांचं काम आहे. हात टेबलावर तळवा वर करून सैल ठेवा. दुखरं बोट आपोआप बाकीच्यांपेक्षा जास्त वाकून राहतंय का? सूज फक्त चाव्याभोवती आहे की अख्खं बोट सारखंच फुगून गोल झालंय, वळ्या दिसेनाशा होऊन? बोटाच्या तळव्याकडच्या बाजूने, टोकापासून तळव्यापर्यंत हळूच दाबत या, चाव्यापासून लांबही तितकंच दुखतंय का? आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची: दुसऱ्या हाताने त्या बोटाचं टोक धरून ते किंचित, अगदी किंचित सरळ करून बघा. जीव कळवळला तर पुढे काही बघायची गरज नाही, थेट अशा हॉस्पिटलला जा जिथे हाताचं ऑपरेशन होऊ शकतं, आणि जाईपर्यंत काही खाऊ नका, कारण भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं. चारही खुणा लागतात असं नाही, सुरुवातीला एखादीच असते, आणि नसल्या म्हणजे घरी बसायचं असाही अर्थ नाही.

इथेच कुत्र्याचंही सांगून टाकतो, कारण शीर्षक मांजरीचं असलं तरी वाचणाऱ्यांत कुत्रेवाले जास्त असणार. कुत्र्याचे दात बोथट आणि जबडा ताकदीचा, त्यामुळे जखम फाटते, चेंगरते, दिसायला भयंकर दिसते, पण उघडी असते, धुता येते. म्हणून ढोबळमानाने मांजरीच्या चाव्यांपैकी तीस ते पन्नास टक्के पिकतात आणि कुत्र्याच्या चाव्यांपैकी पाच ते वीस टक्के. याचा अर्थ कुत्र्याचा चावा सौम्य असा नाही, चेंगरलेलं मांस मरतं आणि मेलेल्या मांसात जंतूंचं फावतं, ते कापून काढावं लागतं. लहान मुलांचं तर वेगळंच असतं, त्यांचं डोकं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतं, त्यामुळे चावे चेहऱ्यावर, मानेवर, डोक्यावर. अगदी लहान बाळाच्या डोक्यावर दाताचं साधं भोक दिसलं तरी कवटीला धक्का आहे का हे बघितल्याशिवाय सोडायचं नाही, कवटी पातळ असते आणि दात आरपार गेला तर पुढे मेंदूज्वर.

धुण्याबद्दल. चावल्या-चावल्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, कारण दोन मिनिटं धुवून माणसाला पंधरा झाल्यासारखी वाटतात. हे रेबीजसाठीही आणि बॅक्टेरियासाठीही. नंतर पोव्हिडोन आयोडीन असेल तर लावा, दुसरं काही लावायचं नाही, पावडर नाही, लेप नाही, चटका देणं तर अजिबात नाही. हॉस्पिटलमध्ये आम्ही उघड्या जखमेवर मोठ्या सिरिंजने सलाइनचा जोराचा फवारा मारतो, भरपूर, जखमेच्या तळापर्यंत. पण मांजरीच्या बारीक भोकात तसा फवारा घुसवायचा नसतो, त्याने पाणी आणि जंतू दोन्ही आणखी आत ढकलले जातात. तिथे भूल देऊन तोंड थोडं मोठं करून धुणं हा मार्ग, करायचा की नाही हे तपासणारा डॉक्टर ठरवेल.

टाक्यांबद्दल नेहमी वाद होतो. जखम उघडी ठेवली की पेशंटला वाटतं डॉक्टरने अर्धवट काम केलं. चाव्याची जखम, त्यातही हाताची किंवा भोकासारखी, शिवून टाकणं म्हणजे आतली घाण आत कोंडणं. तीन-चार दिवस उघडी ठेवून, स्वच्छ दिसली तर मग टाके घालता येतात. चेहरा हा अपवाद, तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो आणि व्रणाचाही विचार करावा लागतो, म्हणून नीट धुवून लवकर शिवला तर बहुधा चालतं. रेबीजचा धोका असेल तर जखमेत आधी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी, सोडायचं, टाके त्यानंतर, तेही सैल आणि गरजेपुरतेच.

आता त्या उरलेल्या गोळ्या. त्या कुठल्या आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि मुद्दा तिथेच आहे. कातडीच्या साध्या इन्फेक्शनला नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्या, सेफॅलेक्सिन, क्लॉक्झासिलिन, एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन, या पाश्चुरेलावर एकेकट्या भरवशाच्या नाहीत. म्हणजे तुम्ही गोळी घेतलीत, मनाला समाधान मिळालं, थोडी लालीही कमी झाली कारण बाकीचे जंतू मेले, आणि मुख्य आरोपी आत मजेत. सहसा पहिली पसंती असते अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडच्या जोडीला. अमॉक्सिसिलिन पाश्चुरेलाला मारतं, पण जखमेतले बाकीचे बरेच जंतू त्याला तोडणारं एन्झाइम बनवतात, ते एन्झाइम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड अडवतं, म्हणून जोडी. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर बहुधा डॉक्सिसायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल अशी जोड निघते, पण गरोदर बाई, लहान मूल यांचं गणित वेगळं, म्हणून नावं वाचून मेडिकलमधून आणू नका. तुमच्या बाबतीत तर बोट आधीच सुजलंय, म्हणजे आता मामला "होऊ नये म्हणून"चा राहिला नाही, "झालंय ते बरं करायचं"चा आहे, डोस आणि दिवस दोन्ही बदलतात, पहिले डोस शिरेतूनही द्यावे लागू शकतात. सांध्यात किंवा हाडात गेलं असेल तर उपचार आठवड्यांत मोजायचे. उरलेल्या पाच-सहा गोळ्यांनी तोटाच होतो, इन्फेक्शन जात नाही पण पू तपासला तर त्यात जंतू वाढेनासा होतो आणि आम्ही आंधळे.

प्रत्येक चाव्याला अँटिबायोटिक लागतं का? नाही, आणि हे मी जरा ठासून सांगतो कारण दोन्ही बाजूंनी अति होतं. कुत्र्याने पोटरीवर वरवर खरचटलंय, सालटं निघालंय, तुम्ही तब्येतीने धडधाकट, लगेच धुतलंय, तर मी बहुतेक वेळा गोळ्या देत नाही, दोन दिवस लक्ष ठेवायला सांगतो. पण मांजरीचं खोल भोक, हात, पाऊल, चेहरा, गुप्तांग, सांध्याजवळची जागा, चेंगरलेली जखम, आठ-दहा तास उलटून गेलेले, यातलं काहीही असेल तर पिकायची वाट न बघता तीन ते पाच दिवस देतो. माणसावरूनही ठरतं: डायबेटिस, लिव्हरचा आजार, नियमित दारू, स्टेरॉइड किंवा केमोथेरपी, स्प्लीन (प्लीहा) काढलेली, सांधा बदललेला, छातीच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढलेल्या आणि चावा त्याच बाजूच्या हाताला. या लोकांनी जखम किती छोटी आहे याचा विचारच करू नये.

स्प्लीनचं वेगळं सांगायला हवं. कॅप्नोसायटोफागा कॅनिमॉर्सस नावाचा एक जंतू कुत्र्यांच्या आणि मांजरींच्याही तोंडात असतो, निरोगी माणसाला त्याचा सहसा त्रास नाही. पण अपघातात किंवा रक्ताच्या आजारासाठी ज्यांची स्प्लीन काढलीय, ज्यांचं लिव्हर दारूने खराब झालंय, अशांच्या रक्तात तो शिरला तर दिवसा-दोन दिवसांत माणूस आयसीयूत. फसवणारी गोष्ट अशी की जखम जवळजवळ बरी दिसते. हात सुजलेला नसतो, पू नसतो, चाव्याला तीन-चार दिवस होऊन गेलेले असतात, खपली धरलेली असते, आणि माणूस येतो तो हुडहुडी, उलट्या, जुलाब, अंगावर जांभळे डाग घेऊन. कुत्रा चावला होता हे तो सांगतच नाही कारण त्याच्या दृष्टीने ते संपलेलं असतं, पोट बिघडलं म्हणून तो आलेला असतो. नंतर बोटांची टोकं काळी पडू शकतात, किडनी बंद पडू शकते. हा जंतू लॅबमध्ये वाढायलाही सावकाश, कित्येक दिवस घेतो, त्यामुळे रिपोर्टची वाट बघत बसणं हा पर्याय नाही. स्प्लीन नसलेल्या माणसाला कुत्रा नुसता चाटला आणि तिथे कातडी फाटलेली होती, तरीही मी हलक्यात घेत नाही. घरात असं कुणी असेल तर चाव्यानंतर ताप येण्याची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ओरखड्यांचं प्रकरण याच्या बरोबर उलट चालीचं. मांजरीने, बहुधा पिल्लाने, बोचकारलं, त्याला आठवडा होऊन गेला, त्या जागी एक बारीक लाल पुळी येते आणि कुणी लक्ष देत नाही. मग एक ते तीन आठवड्यांनी काखेत, मानेत किंवा जांघेत गाठ, ज्याला आपण अवधाण म्हणतो तसं, पण रेंगाळणारं, दुखरं, कधी बारीक ताप. हा कॅट स्क्रॅच डिसीज. पॅरिसचे डॉक्टर डेब्रे यांनी त्याचं वर्णन १९५० साली केलं, पण जंतू पकडीत यायला १९९० चं दशक उजाडलं, बार्टोनेला हेन्सेली. तो मांजरींमध्ये पिसवांमुळे पसरतो, पिसवांची विष्ठा नखात अडकते आणि ओरखड्यातून आपल्यात येते. धडधाकट माणसाची गाठ दोन-चार महिन्यांत आपली आपण जिरते, ॲझिथ्रोमायसिनचा पाच दिवसांचा कोर्स दिला तर जरा लवकर. गोंधळ असा होतो की गाठ दिसली की घरात टीबी आणि कॅन्सरची चर्चा सुरू होते, बायोप्सीपर्यंत प्रकरण जातं, आणि मांजरीचा विषय कुणी काढतच नाही. म्हणून गाठ घेऊन आलेल्या माणसाला मी हाताची कातडी नीट बघून विचारतो, घरात पिल्लू आणलंय का. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत मात्र हाच जंतू कातडी, लिव्हर, हृदयाच्या झडपा कुठेही जाऊ शकतो. आणि हेही बघा, ॲझिथ्रोमायसिन इथे चालतं म्हणून कालच्या ताज्या चाव्याला ते घ्यायचं, असं नाही. प्राणी एकच असला तरी आजार वेगळे आहेत.

रेबीज आणि धनुर्वात, थोडक्यात पण गाळून नाही. रक्त आलेला चावा हा जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात येतो, थेंबभर आलं तरी. तुम्ही राहता तिथे कुत्र्या-मांजरांत रेबीज आहे की नाही यावर पुढचं ठरतं. आहे अशा ठिकाणी मांजरीच्या लसीचं कार्ड दाखवून स्वतःच निर्णय घेऊन टाकू नका, डॉक्टरला घ्यायला लावा. धडधाकट, डोळ्यासमोर असलेल्या कुत्र्या-मांजरीवर १० दिवस नजर ठेवता येते हे खरं, पण तिथे लस आज सुरू करून नजर ठेवायची असते, नजर ठेवून मग लस नाही. रेबीज एकदा झाला की त्यावर उपाय नाही, त्यामुळे इथे काटकसर नको. धनुर्वाताचं सोपं आहे, शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षांपेक्षा जास्त झाली असतील किंवा आठवतच नसेल तर चाव्यासारख्या घाणेरड्या जखमेनंतर एक घ्यायचं. लहानपणचा कोर्सच पूर्ण नसेल तर सोबत तयार अँटिबॉडीचं इंजेक्शनही लागू शकतं.

डॉक्टरकडे गेल्यावर "बोट सुजलंय" एवढंच सांगू नका. मांजर चावली, किती वाजता चावली, सूज किती वाजता दिसली, तुम्हाला कुठले आजार, कुठल्या गोळ्यांची ॲलर्जी, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी, घरची एखादी गोळी घेऊन झाली असेल तर तीही, लाजू नका. बहुधा एक्स-रे काढतील, दाताचा तुकडा आत मोडलाय का, सांध्यात किंवा मांसात हवा दिसतेय का हे बघायला. पू असेल तर तो तपासायला पाठवतील, तेव्हा फॉर्मवर "प्राण्याचा चावा" असं लिहिलंय ना हे जरूर विचारा, कारण लॅबला ते माहीत असेल तर ते जंतू वाढवायची प्लेट जास्त दिवस ठेवतात. ताज्या, न पिकलेल्या जखमेचा स्वॅब घेऊन काही कळत नाही, तो कुणी नाही घेतला तर निष्काळजी समजू नका. गोळ्यांवर घरी पाठवलं तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत परत दाखवायला जायचं, बरं वाटत असलं तरी. आणि ती पेनची रेघ पुसू नका. लाली हातावर रेघेरेघेने वर चढायला लागली, थंडी वाजून ताप आला, बोट बधिर झालं किंवा ठणका गोळीला दाद देईना, तर ठरलेल्या वेळेची वाट न बघता निघायचं, रात्र असली तरी.

राहिली मांजर. तिची टेस्ट करायची गरज नाही. तिच्या तोंडात पाश्चुरेला निघेल, निघणारच, आणि ते कळून आपण वेगळं काही करणार नाही. तिला अँटिबायोटिक देऊनही उपयोग नाही, थोड्याच दिवसांत तोंडात तेच जंतू परत येतात. बार्टोनेलाचंही तसंच, निरोगी मांजरीची तपासणी करत बसण्यापेक्षा पिसवांचं औषध वर्षभर नियमित करा, नखं कापत जा, आणि हातानेच खेळवायची सवय असेल तर मोडा, खेळणं पुढे करा. घराबाहेर काढण्याचा तर प्रश्नच येत नाही, तोंडात जबरदस्तीने बोट घातल्यावर कुठलीही मांजर चावणार. पुढच्या वेळी गोळी पाजायची असेल तर आधी व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरला) विचारा की हेच औषध पातळ मिळतं का, नाहीतर गोळी पाजायची लांब दांड्याची नळी मिळते, तिने बोट दातांपासून लांब राहतं. आणि रेबीजसाठी १० दिवस नजर ठेवायची म्हणून सांगितलं असेल तर तेवढे दिवस ती घरातच, दिसेल अशी असू दे, तिचं खाणं, चालणं, आवाज यांत काही बदल वाटला तर लगेच व्हेटला फोन करा आणि तुमच्या डॉक्टरलाही.